नवीन नाक

वर्गात एकच टॅबलेट, कोपऱ्यातून तडकलेला,
आणि एकतीस पोरं.
पाचपावलीतली शाळा, जुलैचा दुसरा आठवडा.
मागच्या खिडकीतला कूलर नुसता घरघरतो,
अंगाला गोंद लावावा तशी हवा फेकतो.

पहिल्या दिवशी भूपेशनं त्याला सांगितलं,
‘बाष्पीभवनावर दहा ओळी दे.’
त्यानं दिल्या. दहाच. एकही कमी नाही.
पोरांनी उतरवून घेतल्या,
शेवटच्या ‘आशा आहे, ही माहिती उपयोगी पडेल’सकट,
आणि मी एकतीस वह्यांत
एकतीस वेळा तीच आशा तपासली,
लाल शाईनं.

रात्री झोप नाही.
मशीनचा राग नव्हता.
आमची सातवी आठवत होती,
‘काही शंका?’ म्हणता म्हणता गुरुजी डस्टर उचलायचे
आणि फळा पुसूनही व्हायचा.
शंका विचारायची कशी,
हे मला तरी कुणी शिकवलं होतं?

दुसऱ्या दिवशी म्हटलं,
आज पुस्तकातलं काही विचारायचं नाही.
खरंच जे माहीत नाही, तेवढंच.
वर्ग गप्प.
माहीत नाही ते काय,
हेच माहीत नव्हतं कुणाला.

मग उत्पला मेश्राम उठली.
तिचे बाबा कमाल चौकाजवळ कूलर दुरुस्त करतात,
उन्हाळाभर त्यांच्या बोटांना गंजाचा रंग.
‘बाई, हा कूलर मे महिन्यात गार करते,
मंग आता काहून नाही करत?
पाणी तेच. पंखा तोच.’

‘हेच लिही.’
‘काहून चालते का, बाई? त्याले समजते?’
‘चालते. नागपूर लिही. बाबा काय करतात, तेही.’

उत्तर आलं:
मे महिन्यातली हवा तहानलेली, समोर येईल ते पाणी पिते;
आताची पोट भरून बसलेली.
आणि शेवटी सल्ला,
गारवा टिकावा म्हणून दारं-खिडक्या बंद ठेवा.

उत्पलाच्या कपाळावर आठी.
‘बाबा तर खिडकी उघडी ठेवाले सांगते.
बंद केली तर ओल जाईन कोठी?’
तसंच्या तसं लिहिलं तिनं.
त्यानं माफी मागितली. बाबा बरोबर आहेत, म्हणाला.
वर्गात टाळ्या.
मला आवडलं ते टाळ्यांच्या आधीचं अर्धं मिनिट,
तिनं काचेवरून नजर काढून
खिडकीकडे पाहिलं होतं ते.

नंतर सगळं सुधारलं, असं नाही.
भूपेश अजून दहा ओळीच मागतो.
कुणीतरी विचारलं, ‘आमच्या बाई चिडतात काहून?’
पाच मुद्दे आले.
त्यातले तीन बरोबर होते.

मार्चमध्ये उत्पलाचे बाबा आले,
शाळेच्या कूलरला वाळ्याच्या ताट्या बसवायला.
पाणी सोडलं, आणि वर्गभर
ओल्या मुळांचा वास.
पाना फडक्याला पुसत म्हणाले,
‘वीस वर्षं झाले, बाई, एक गोष्ट मले समजत नाही.
चार दिवसात हा वास जाते कोठी?’

उत्पलानं विचारलं.
दोन कारणं आली:
वास देणारं तेल उडून, धुऊन जातं;
किंवा नाकाला सवय होते.
‘आपल्या ताटीचं खरं कोणतं मंग?’
ती लिहायला लागली, थांबली,
टॅबलेट बाकावर पालथा ठेवला.
‘हे त्याले नाही मालूम पडणार, बाबा. त्याले नाकच नाही.
नवीन नाक पाहिजे.’

पाचव्या दिवशी वास कुणालाच येईना.
उत्पला दाराशी उभी.
आठवडाभर तापानं घरी असलेली रुखसार
हळूहळू पायऱ्या चढत होती.
‘थांब,’ उत्पला ओरडली,
‘आत ये, पण काही बोलू नको.
पहिले श्वास घे.’